दोन टक्के कुठे लिहिलेत?

ठाण्यात जुन्या सोसायटीतला १ कोटी २० लाखांचा टू-बीएचके घ्यायचा म्हटलं, तर त्या व्यवहारातून कोणी किती काढून घ्यायचं हे बहुतेक सगळं सरकारने लिहून ठेवलेलं आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. त्यामुळे ज्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा बायकोच्या हाती लागत नाही तिथेही अख्खा फ्लॅट तिच्या नावावर होतो, आणि नवऱ्याच्या या पुरोगामीपणाची किंमत १ लाख २० हजार रुपये इतकी नेमकी काढता येते. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची मर्यादा. तुम्ही दिव्यात वन-रूम-किचन घ्या नाहीतर मलबार हिलला मजला घ्या, निबंधक कार्यालय तीस हजारांपुढे हात पसरत नाही. सोसायटीच्या हस्तांतर शुल्काला तर २००१ सालापासून २५ हजारांचं झाकण आहे. (त्यापुढचे पैसे 'इमारत निधीला ऐच्छिक देणगी' म्हणून घेतात. ऐच्छिक म्हणजे, इच्छा सेक्रेटरीची असते.)

मग येतो ब्रोकर. दोन टक्के.

हे दोन टक्के महाराष्ट्राच्या कुठल्या कायद्यात आहेत, कुठल्या कलमात, कुठल्या परिपत्रकात, हे जरूर शोधा. कुठेच नाहीत. पण मुलुंडपासून अंबरनाथपर्यंत कोणालाही अपरात्री उठवून विचारा, तो डोळे न उघडता सांगेल, "दोन घेणाऱ्याकडून, दोन विकणाऱ्याकडून." पुण्यात काही ठिकाणी एक टक्का ऐकू येतो, पण तो सांगताना समोरचा इतका उपकार करतो की दोन परवडले असं वाटावं. भाड्याच्या घराला एका महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांनी करार पुन्हा केला तर काही जण पुन्हा मागतात. का, असं विचारलं तर "मार्केटमध्ये तसंच आहे" असं उत्तर मिळतं. हे मार्केट कुठे भरतं, त्याच्या सभा कधी होतात, ठराव कोण मांडतं आणि अनुमोदन कोण देतं, हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. पण त्याचे ठराव विधानसभेच्या ठरावांपेक्षा कडक पाळले जातात.

तेव्हा आपल्या टू-बीएचकेवर घेणाऱ्याचे २ लाख ४० हजार, विकणाऱ्याचे तेवढेच, मिळून ४ लाख ८० हजार. ब्रोकर जीएसटी भरणारा असेल तर आपल्या वाट्यावर आणखी १८ टक्के, म्हणजे ४३ हजार २००. बिल मागितलं की त्याचा चेहरा उतरतो. "बिल कशाला साहेब? घरातलाच व्यवहार आहे." घरातला माणूस अडीच लाख घेतो हे मान्य केलं, तरी बिल घ्यावं. पुढेमागे ते घर विकताना दलालीची रक्कम खरेदीच्या किमतीत धरता येते आणि भांडवली नफ्यावरचा कर तेवढा कमी होतो. बिल न घेता रोखीने दिलेली दलाली मात्र आयकर खात्याच्या लेखी कधी दिलेलीच नसते. त्यामुळे बिलाशिवाय "साहेब, जीएसटी वाचला ना" म्हणणाऱ्याने नेमका कोणाचा कर वाचवला, याचा विचार जिना उतरेपर्यंत करावा.

या माणसाचं ऑफिस बहुधा जिन्याखाली असतं. आत तीन खुर्च्या, एक पंखा, देवाचा फोटो आणि भिंतीवर पाच वर्षांपूर्वी बांधून झालेल्या टॉवरचं 'लवकरच येत आहे' असं पोस्टर. कार्डावर सेल, परचेस, रेंटल, लोन, सोसायटी कन्व्हेयन्स आणि पॅन कार्ड. पहिल्या भेटीत तो तुमचं बजेट विचारतो. तुम्ही एक कोटी सांगता. तो एक-वीस ऐकतो.

मग घरं दाखवणं. पहिला फ्लॅट दाखवायचा तो न घेण्यासाठीच. तिथे पंखा लावला की दिवा बारीक होतो. दुसऱ्यात जागा चांगली, पण मालकांनी स्वयंपाकघर आणि संडास यांच्यातली भिंत काढून टाकलेली. का, ते ब्रोकरही सांगू शकत नाही. या दोहोंतून बाहेर पडलेल्या माणसाला तिसऱ्या घरात नळाला पाणी आलं तरी गहिवरून येतं. तिसरं घरच दाखवायचं होतं. पहिली दोन ही त्याची प्रस्तावना.

आमच्या मेव्हण्याच्या घराच्या बैठकीला मी गेलो होतो. बैठक म्हणजे किंमत ठरवायची सभा. चहा विकणाऱ्याचा, फरसाण ब्रोकरचं. विकणारे काका-काकू निवृत्त, मुलगा कॅनडात. लिफ्टमध्ये ब्रोकर आम्हाला हळूच म्हणाला, "काकांना घाई आहे. मार्चच्या आत जायचंय त्यांना. तुम्ही काही बोलू नका, मी कसं खाली आणतो बघा." आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने मी हात धुवायला आत गेलो, तर पॅसेजमध्ये तो काकांना सांगत होता, "पार्टी पक्की आहे. वहिनींना किचन आवडलंय, सोडणार नाहीत. तुम्ही काही बोलू नका, मी कसं वर नेतो बघा." परत येऊन बसलो तेव्हा दोन्ही पक्ष काही न बोलता, गालात हसत एकमेकांकडे बघत होते. दोघांनाही वाटत होतं की आपला माणूस आत शिरलाय.

यात तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याचा हिशोब मांडून पाहा. त्याने जीव तोडून १ कोटी २० लाखांचं घर १ कोटी १५ लाखांवर आणलं, तर घेणाऱ्याचे ५ लाख वाचतात. त्याचे स्वतःचे घेणाऱ्याकडचे दहा हजार जातात आणि विकणाऱ्याकडचे दहा. दुसऱ्याचे पाच लाख वाचवायला स्वतःचे वीस हजार घालवणारा माणूस संत असतो, आणि संतांची ऑफिसं जिन्याखाली नसतात. पण उलट बाजूही पाहा. विकणाऱ्याला पाच लाख वाढवून दिले तर याचे जेमतेम वीस हजार वाढतात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक पळालं तर पावणेपाच लाख बुडतात. म्हणजे त्याला किंमत खाली नको, वरही नको. त्याला ती आज हवी आहे. तो आपला नाही, काकांचाही नाही. तो व्यवहाराचा आहे. "दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय" हे वाक्य त्या निष्ठेतून येतं. ती दुसरी पार्टी मी खूप ठिकाणी ऐकली, पाहिली मात्र कुठेच नाही. मुंबई महानगर प्रदेशात तिच्याइतकी घरं घ्यायला निघालेलं आणि एकही न घेतलेलं दुसरं कोणी नसेल.

न्यायाने बोलायचं तर तो कामही करतो. मेव्हण्याच्या घराचा १९८७ चा मूळ करारनामा काकांना सापडत नव्हता. बँक म्हणे, साखळीतला पहिला कागद आणा. ब्रोकरने निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढली, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणलं, शेअर सर्टिफिकेटवरच्या नावात राहिलेली वेलांटी दुरुस्त करून घेतली. नोंदणीच्या दिवशी काकूंच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, तर "काकू, अंगठा जरा केसांवरून फिरवा" असं सांगून तोही उमटवला. त्या वेलांटीचे आणि अंगठ्याचे मी आनंदाने पैसे दिले असते. पण वेलांटीचा दर आणि घराचा दर यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मला उमगलेलं नाही. घर दोन कोटींचं असतं तर काय काकूंना तीन अंगठे असते?

कधी कधी एका घराला दोन ब्रोकर असतात, एक तुमच्या बाजूचा, एक विकणाऱ्याच्या. याला बाजारात 'साइड बाय साइड' म्हणतात: ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून घ्यायचं. ऐकायला किती न्याय्य! प्रत्यक्षात तुमच्या ब्रोकरकडे चावी नसते. ती ज्याच्याकडे असते तो दुसऱ्याला फोन करतो, दुसरा स्कूटरवर तिसऱ्याला पाठवतो, आणि दोनशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये घर बघणारे दोघं आणि दाखवणारे चौघं उभे राहतात. वॉचमन धरला तर पाच. त्यालाही काहीतरी मिळणार असतं. खरं तर घर रिकामं झाल्याची बातमी त्यानेच दिलेली असते.

या सगळ्याला कंटाळून आपण म्हणतो, त्यापेक्षा नवीन बांधकामात घेऊ. तिथे पाटीच असते: 'झिरो ब्रोकरेज'. तिथला मध्यस्थ म्हणजे चॅनल पार्टनर, लाडाने सीपी. त्याला पैसे बिल्डर देतो, आणि तेही दोन टक्क्यांवर थांबतातच असं नाही. माल पडून असेल तर तीन, चार, कधी त्याहूनही वर. आता बिल्डर हे पैसे कुठून आणतो? बिल्डरच्या घरी काही पैशांचं झाड नाही. असतं तर त्याने ते तोडून तिथेही टॉवर उभारला असता.

म्हणून हुशार माणूस थेट साइटवर जातो. मधला नकोच, तेवढे टक्के आपल्याला सोडतील. सेल्स ऑफिसमध्ये थंडगार पाणी देऊन एक मुलगी फॉर्म पुढे करते. नाव, फोन, बजेट आणि 'सोर्स'. आपण अभिमानाने लिहितो: स्वतः. ती कॉम्प्युटरमध्ये नंबर टाकते आणि गोड हसून म्हणते, "सर, तुम्ही ऑलरेडी टॅग आहात." झालेलं असं असतं की मागे कधीतरी मोबाइलवर एका जाहिरातीला बोट लागलं होतं. तेवढ्यावर कुठल्या तरी सीपीने आपला नंबर या प्रकल्पाच्या यादीत चढवला आणि ठरावीक दिवसांसाठी आपण त्याचे झालो. लग्न जुळवणाऱ्या मंडळातसुद्धा निदान फोटो विचारून लावतात. बरं, टॅग नसतो तरी काय? "सर, प्राइस सेमच आहे. डायरेक्ट आलात तरी आणि सीपीतर्फे आलात तरी." म्हणजे मधल्या माणसाला टाळण्याचं बक्षीस मधल्या माणसाएवढंच, फक्त ते बिल्डरला मिळतं.

यावर पब्लिकने आपला तोडगा काढलाय. ओळखीचा एखादा सीपी गाठायचा, त्याच्या नावाने साइटवर जायचं आणि त्याला मिळणाऱ्या पैशांतला थोडा वाटा परत घ्यायचा. मुलगा सीपी, बाप गिऱ्हाईक अशीही जोडी मी पाहिली आहे. बाप मुलाला म्हणत होता, "निम्मे तरी दे." मुलगा म्हणाला, "बाबा, मार्केटमध्ये तसं नाही."

आता कोणी म्हणेल, रेरा आहे ना? आहे. कायदा २०१६ चा, पूर्ण अंमल १ मे २०१७ पासून, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी. एजंटला नोंदणी सक्तीची झाली, हिशोबाच्या वह्या ठेवणं सक्तीचं झालं, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरं विकायला बंदी आली. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला दहा हजार दंड, जास्तीत जास्त घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. पुढे महारेराने वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. परीक्षा घ्यायला तीच संस्था, जी बँकांसाठी कारकून आणि अधिकारी निवडते. पंचवीस-तीस वर्षं धंद्यात घालवलेली माणसं चष्मा पुसत कॉम्प्युटरपुढे बसली. कार्पेट एरियाची व्याख्या ज्यांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला कळू दिली नव्हती, त्यांना ती चार पर्यायांतून ओळखायची होती. मुदतीत प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ च्या सुरुवातीला स्थगित झाली. माझ्या माहितीतले एक जण उत्तीर्ण झाले आणि त्यांनी पेढे वाटले. पेढ्याच्या पुड्यावर कार्ड स्टेपल केलेलं होतं.

हे सगळं चांगलंच झालं. पण किती टक्के घ्यायचे यावर कायदा मौन पाळतो. दुसरं म्हणजे हा सारा बंदोबस्त प्रकल्पांसाठी. तुम्ही चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत काका-काकूंकडून घर घेता तेव्हा तिथे प्रकल्प नसतो, नुसतं घर असतं. जिथे दलाली बिल्डर देतो, आपल्याला दिसतही नाही, तिथे नोंदणी, परीक्षा, दंड, क्यूआर कोड. आणि जिथे आपण आपल्या हाताने दोन लाख चाळीस हजारांचा चेक फाडतो, तिथे जिना, पंखा आणि देवाचा फोटो.

हरियाणाने दर लिहून देण्याचं धाडस केलेलं आहे. तिथे २००८ सालीच प्रॉपर्टी डीलरांसाठी वेगळा कायदा झाला आणि नियमांत दर लिहिला गेला: एकूण एक टक्का, अर्धा या बाजूने, अर्धा त्या बाजूने. गुरुग्रामात तो किती पाळला जातो हा वेगळा विषय. रस्त्यावर वेगमर्यादेच्या पाट्याही असतात. माझं स्वतःचं म्हणणं विचाराल तर दर बांधून देऊ नये. बांधला की तो किमान होतो. रिक्षाचं मीटर आणि पुण्याचा रिक्षावाला ही जोडी डोळ्यांपुढे आणा. फक्त घर दाखवायच्या आधी एका कागदावर लिहून द्यावं: मी कोणाचा माणूस आहे, कोणाकडून किती घेणार आहे आणि आणखी कोणाकडून घेणार नाही. बस.

हे मी न्यू जर्सीतल्या भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे झालंय हे. आणि तेही कोर्टातून."

अमेरिकेत वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की घर विकणाराच दोन्ही एजंटांचे पैसे द्यायचा, मिळून पाच-सहा टक्के, आणि घेणाऱ्याच्या एजंटला किती मिळणार तो आकडा घरांच्या सामायिक यादीतच एजंटांना दिसायचा. घेणारा म्हणायचा, माझा एजंट फुकट! आपल्या 'झिरो ब्रोकरेज'चीच इंग्रजी आवृत्ती. एजंट कमी टक्केवारीची घरं गिऱ्हाइकाला दाखवतच नाहीत, असा आरोप होता. शेवटी मिसुरीतले विकणारे कोर्टात गेले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला आणि मोठ्या ब्रोकर कंपन्यांना सुमारे १७८ कोटी डॉलरच्या भरपाईचा दणका दिला. संघटनेने पुढच्या मार्चमध्ये ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. यादीतून तो आकडा गेला. आणि एजंटबरोबर घर बघायला जायच्या आधी गिऱ्हाइकाने लेखी करार करायचा, त्यात एजंट किती घेणार ते स्पष्ट लिहायचं. भांडले विकणारे, सही करायची पाळी आली घेणाऱ्यांवर.

भाचा एडिसनमध्ये घर शोधत होता. सहा लाख डॉलरच्या आसपासचं. एजंटबाई मूळच्या नाशिकच्या निघाल्या, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं पंचवटी आणि चिवड्यात गेली. मग घराच्या दारात, गाडीच्या बॉनेटवर, त्यांनी करार ठेवला. भाचेसून तोवर लॉनवरून खिडकीला नाक लावून आतली शेगडी गॅसची की विजेची ते बघत होती. सही झाल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. करारात ठळक छापलेलं होतं की कमिशनचा दर कायद्याने ठरलेला नाही, तो संपूर्णपणे वाटाघाटीचा विषय आहे. खाली रिकामी जागा आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. मी मागितलेला कागद तो हाच.

"किती लिहू?" भाच्याने विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं. मी सांगणं बरोबर नाही."

"पण लोक साधारण काय लिहितात?"

"लोक काहीही लिहितात. प्रत्येकाचं वेगळं." बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "वहिनींना किचन आवडलेलं दिसतंय."

भाच्याने मनाशी थोडा हिशोब केला आणि धीर करून २ लिहिलं. बाईंनी कागद फिरवून पाहिला, हसल्या आणि पेन परत त्याच्या हातात दिलं.

"टिंब राहिलंय, अरे."